पणती लावणाऱ्या हातांना पणती दिसते का?

आपल्या परंपरेने सूर्याला जगाचा डोळा म्हटले आणि डोळ्याच्या सामर्थ्याला ज्योतीचे नाव दिले. प्रकाश आणि दृष्टी यांची सांगड आपल्या भाषेत इतकी घट्ट आहे की, ज्याला दिसत नाही त्याला आपण ‘अंध’ म्हणतो आणि त्याच शब्दापासून अंधार घडवतो. दीपावलीच्या दिवसांत मात्र या सांगडीचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. तेल, वात, पणती, आकाशकंदील यांची सिद्धता आपण हौसेने करतो. परंतु लावलेला दिवा घरातल्या प्रत्येकाला दिसतो आहे ना, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

पुष्कळ घरांतून पहिली पणती लावण्याचा मान घरातील वृद्ध स्त्रीचा असतो. तिच्याकडे यंदा थोडे निरखून पाहावे. पणतीत तेल ओतताना ते काठावरून सांडते का? वातीचे टोक ती बोटाने चाचपून शोधते का? गेल्या काही वर्षांत अंगणातल्या रांगोळीचे ठिपके वाकडे पडू लागले आहेत का? दिव्याभोवती खळे पडल्यासारखे दिसते, रंग फिके वाटतात, समोरून उजेड आला की डोळे दिपतात, असे ती कधी सहज बोलून गेली आहे का? घरातील माणसे या साऱ्याचा एकच अर्थ लावतात : ‘आता वय झाले.’ वय झाले हे वर्णन आहे, निदान नव्हे. पुष्कळदा त्यामागे मोतीबिंदू असतो, आणि मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुतांशी परत मिळवता येते.

ही गोष्ट एखाद-दुसऱ्या घराची असती, तर तिच्यासाठी वर्तमानपत्राचे रकाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. देशात २०१५ ते २०१९ या काळात अंधत्वाची राष्ट्रीय पाहणी झाली. पन्नाशी ओलांडलेल्या लोकांतील अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व उपचार न झालेल्या मोतीबिंदूमुळे आहे, असे तीत आढळले. म्हणजे या वयाच्या तीन अंध माणसांपैकी दोघांचा अंधार दूर करण्याचे साधन माणसाच्या हाती आलेले आहे. ते त्यांच्यापर्यंत पोचलेले नाही, एवढेच. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. जिल्हा रुग्णालयांतून ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. धर्मादाय नेत्रालये आहेत, सेवाभावी मंडळांची शिबिरे आहेत, दानशूर माणसेही आहेत. असे असताना हा अंधार उरला कसा, हा विचार प्रकाशाच्या सणाला करावयास हवा.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. त्यावरील उपचाराचा इतिहास आपल्याकडे सुश्रुतापर्यंत मागे जातो. त्याची आधुनिक कहाणी मात्र विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचे, कण घुसले. डोळ्याने ते कण सहन केले, हे हॅरोल्ड रिडली या इंग्रज नेत्रतज्ज्ञाच्या ध्यानात आले आणि त्याच निरीक्षणातून १९४९ साली लंडनमध्ये त्यांनी माणसाच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले. ते तंत्र आपल्या खेड्यांपर्यंत पोचण्यास अनेक दशके लागली. तोपर्यंत शिबिरांतून गढूळ भिंग काढून टाकले जाई आणि रुग्णाला जाड भिंगांचा चष्मा मिळे. शस्त्रक्रियेनंतर डोके न हलवता कित्येक दिवस पडून राहावे लागे. तो चष्मा फुटला आणि दुसरा आणून देणारे कोणी नसले, की शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही माणूस पुन्हा अंधच होई. आज हे दिवस सरले आहेत. बहुतेकांची शस्त्रक्रिया थोड्या वेळात आटोपते, डोळ्यात भिंग बसते आणि रुग्ण पुष्कळदा त्याच दिवशी घरी जातो. ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग पाहू’ हा जुना सल्लाही आता गैरलागू झाला आहे. उलट फार पिकलेला मोतीबिंदू डोळ्यातील दाब वाढवून कायमचे नुकसान करू शकतो.

तर मग अडते कोठे? या प्रश्नाचे उत्तर तमिळनाडूतील मदुरेच्या अरविंद नेत्रालयाच्या अनुभवातून मिळते. राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला त्याच वर्षी, १९७६ मध्ये, डॉ. गो. वेंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर अवघ्या अकरा खाटांनिशी हे रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे तरुणपणीच वाकडी झाली होती. त्याच बोटांनी त्यांनी नाजूक शस्त्रे धरण्याची साधना केली. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून न देऊ शकणाऱ्यांचे उपचार करावयाचे, ही त्यांची रीत. परदेशी भिंगे गरिबाला परवडत नाहीत, म्हणून १९९२ साली संस्थेने भिंगे तयार करणारा स्वतःचा कारखाना काढला. परंतु शस्त्रक्रिया फुकट केली तरी पुष्कळ गरीब येत नाहीत, हा धडा त्यांना लवकरच मिळाला. शस्त्रक्रिया फुकट असली तरी गाडीभाडे फुकट नसते. सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी फुकट नसते. आणि मनातील भीती तर पैशाने जातच नाही. दक्षिण भारतात याविषयी झालेला एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या दवंडीपेक्षा दोन गोष्टींचा उपयोग अधिक होतो, असे त्यात दिसून आले : एक, प्रवास-भोजनासह सारा खर्च उचलणे; आणि दुसरी, ज्याची स्वतःची शस्त्रक्रिया झाली आहे अशा माणसाने घरी येऊन बोलणे.

या दुसऱ्या गोष्टीचे मोल फार मोठे आहे. अंधारातून परत आलेला माणूस उंबऱ्यावर येऊन बसतो, ‘मलाही भीती वाटत होती’ असे सांगतो, तेव्हा जे घडते ते भित्तिपत्रकाने घडत नाही. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे याच अनुभवावर उभे आहे. दृष्टिदानाच्या कार्यात आज मुख्य उणीव आहे ती सोबतीची. पैसा लागतोच, कुशल हात लागतातच. पण त्या दोहोंच्या आधी आणि त्या दोहोंच्या नंतर कोणीतरी हात धरणारा लागतो. तो नसला, तर पैसा आणि कौशल्य गावाच्या वेशीवरच थांबतात.

हात धरणाऱ्याची ही वाण स्त्रियांना अधिक जाणवते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोचण्यात स्त्रिया पुरुषांच्या मागे राहतात, हे अभ्यासकांनी वारंवार नोंदविले आहे. घरातील म्हातारा दिसेनासा झाला की त्याची चर्चा होते. म्हातारी दिसेनाशी झाली की ती चुलीपाशी, देवघरापाशी, सवयीच्या वाटांनी चाचपडत फिरत राहते आणि तिचे न दिसणे कोणाच्या नजरेस येत नाही. विचारले तर ती म्हणते, ‘आता मला काय बघायचंय?’ या वाक्याला वैराग्य समजण्याची चूक करू नये. सुगीचे दिवस आहेत, मुलाला सुट्टी नाही, सुनेच्या मागे लेकरे आहेत, आपल्यापायी कोणाचा खोळंबा नको, एवढा सगळा हिशेब तिने मनात मांडलेला असतो, आणि त्याचे उत्तर म्हणून ते एक वाक्य ती आपल्या हाती ठेवते. तिला नातवाचे तोंड बघायचे असते. तांदळातले खडे बघायचे असतात. रात्री परसात जाताना पायाखालचे बघायचे असते.

सोबतीची गरज शस्त्रक्रियेनंतरही संपत नाही. डोळ्यात काही आठवडे नियमाने औषधाचे थेंब घालावे लागतात; धूळ, धूर, घाण पाणी यांपासून डोळा जपावा लागतो; डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसणे कमी झाले, तर तासाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे लागते. काही महिन्यांनी वा वर्षांनी भिंगामागची पातळ पडदी धूसर होऊ शकते. ती लेझरने काही मिनिटांत दूर होते, परंतु ‘ऑपरेशन वाया गेले’ असे समजून पुष्कळजण घरीच बसतात. वर उल्लेखिलेल्या पाहणीत पन्नाशीनंतरच्या अंधत्वापैकी सुमारे सात टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीमुळे आलेले आढळले. २०१४ मध्ये पंजाबातील घुमान येथे आणि २०१५ मध्ये मध्य प्रदेशातील बडवानी येथे नेत्रशिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्या अनेक गरिबांनी जंतुसंसर्गाने डोळे गमावले. प्रकाशाच्या आशेने आलेली माणसे उरलासुरला उजेडही घालवून परत गेली.

यावरून शिबिरांना दोष देऊन दान आखडते घेणे हा धडा नव्हे. दान डोळसपणे करावे, हा धडा आहे. फलकावर नाव, हारतुरे, ‘इतक्या शस्त्रक्रिया एका दिवसात’ असा उच्चार, हे सारे उत्सवाला शोभते. शस्त्रक्रियेला शोभत नाही. देणगी देताना संस्थेला विनयाने तीन प्रश्न विचारावेत. शस्त्रक्रिया सुसज्ज शस्त्रक्रियागृहातच होते ना? नंतरच्या तपासणीसाठी किती रुग्ण परत येतात आणि जे येत नाहीत त्यांचा शोध कोण घेते? किती जणांना खरोखर स्पष्ट दिसू लागले, याची नोंद ठेवली जाते का? या प्रश्नांचा चांगल्या संस्थेला राग येत नाही; तिची उत्तरे तयार असतात. दात्याच्या पुण्याचा हिशेब चित्रगुप्ताकडे असेल. रुग्णाच्या डोळ्याचा हिशेब इथेच, कागदावर असावा लागतो.

आता दुसऱ्या प्रकारच्या अंधत्वाकडे वळू. मोतीबिंदू बहुधा उतारवयाचा. पण बुबुळावरील पारदर्शक पटल पांढरे पडून, ज्याला आपण ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतो त्याने, दृष्टी जाते ती लहान मुलांची आणि कष्टकऱ्यांची. दिवाळीचे दिवस याच दृष्टीने जोखमीचे. फटाका उडवणाऱ्याइतकाच तो बघत उभा असलेला पोर जखमी होतो. शेतात भाताची कापणी-झोडणी चाललेली असते. पात्याचा ओरखडा वा साळीचे कूस डोळ्यात जाते, शेतकरी डोळा चोळतो, कोणी दूध घालतो, कोणी झाडपाल्याचा रस पिळतो, आणि साध्या ओरखड्याची भयंकर जखम होते. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना चुना मुलाच्या डोळ्यात उडाला, तर तेथल्या तेथे भरपूर स्वच्छ पाणी घालून डोळा धुवावा आणि मग दवाखाना गाठावा. अन्य इजेत डोळा न चोळता, काहीही न घालता तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे जावे. एवढे ज्ञान घराघरांत पोचले, तरी कित्येक डोळे वाचतील.

ज्यांचे पटल असे निकामी झाले, त्यांना दुसऱ्या माणसाच्या मरणोत्तर दानाखेरीज बहुधा अन्य आशा नसते. असे पहिले यशस्वी रोपण १९०५ साली मोराव्हियात एडुआर्ड झिर्म यांनी केले. भारतातील पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रासला स्थापन झाली. दधीची ऋषींनी देवकार्यासाठी आपल्या अस्थी दिल्या, ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो. त्यांना त्यासाठी जिवंतपणी देह ठेवावा लागला होता. आपल्याकडे तर मृत्यूनंतर ज्याची राखच व्हावयाची, तेवढेच मागितले जाते. काढण्याची क्रिया अल्पावधीत होते, चेहरा विद्रूप होत नाही, चष्मा असलेला किंवा मधुमेह असलेला माणूसही दान करू शकतो. परंतु हे सारे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते, आणि त्या वेळी संमती द्यावयाची असते ती शोकाकुल आप्तांनी. नुसता अर्ज भरून पेटीत ठेवला, तर तो तेराव्या दिवशी सापडतो. म्हणून ही इच्छा घरच्या माणसांसमोर स्पष्ट बोलून दाखवली पाहिजे. फराळाच्या ताटावर मृत्यूची गोष्ट काढणे अशुभ, असे काहींना वाटेल. पण सारे कुटुंब एकत्र बसते असा दुसरा दिवस वर्षात कोणता? आपल्या मागे कोणाच्या तरी डोळ्यांत उजेड राहावा, ही इच्छा अशुभ कशी म्हणावी?

येथवर ज्यांची दृष्टी परत येऊ शकते त्यांचा विचार झाला. ज्यांची येणार नाही, त्यांचे काय? या प्रश्नात प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा वाटा आहे. काचबिंदूने माझ्या दृष्टीचा बराचसा भाग नेला आहे. या रोगात डोळ्यामागची नस हळूहळू सुकते. आधी कडेचे दिसेनासे होते आणि गेलेले कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. थेंबांनी उरलेले जपता येते, एवढेच. समोरची ओळ मी भिंग धरून वाचतो. पण बाजूने आलेला माणूस मला एकाएकी उगवल्यासारखा भासतो, जिन्याची शेवटची पायरी पावलाने शोधावी लागते, आणि अर्धे उघडे दार हा माझा जुना वैरी आहे. ज्या दानाचा मला स्वतःला काही उपयोग नाही, त्याचा पुरस्कार मी का करतो, असे एकाने विचारले होते. उत्तर सोपे आहे. जे गेले त्याची किंमत ज्याला ठाऊक असते, त्याला ते दुसऱ्याचे विनाकारण गेलेले पाहवत नाही.

परंतु दृष्टिदानाचा गौरव करताना आपण नकळत असे सुचवू लागतो की, ज्याला दिसत नाही त्याचे जीवनच फुकट. हे मात्र मान्य होण्यासारखे नाही. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचवून घेतले, इतरांकडून लिहवून घेतले आणि विपुल ग्रंथसंपदा मागे ठेवली. प्रज्ञाचक्षू ही त्यांची पदवी यथार्थच. पण त्यांना वाचून दाखवणारे आणि त्यांचे लिहून घेणारे ते अनाम सोबतीही स्मरणात असावेत. पुण्यात तर एक अपूर्व गोष्ट घडली आहे. अंधांच्या हितासाठी स्थापन झालेल्या ‘पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन’ या संस्थेने हडपसरच्या बाजूस ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय उभारले आणि तेथे असंख्यांना दृष्टी मिळाली. जी संस्था अंधांची पाठराखण करते, तीच डोळसांचे डोळे वाचवते. दृष्टी परत देणे आणि दृष्टीविना जगणाऱ्याला साथ देणे, ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, याची याहून बोलकी साक्ष कोणती हवी?

साथ कशी द्यावी, याचा विचार गांधारीच्या कथेत आहे. पती अंध म्हणून तिने स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. तिच्या निष्ठेला नमस्कार असो. पण ती पट्टी तिने बांधली नसती, तर धृतराष्ट्राला दोन डोळे मिळाले असते आणि कदाचित शंभर पुत्रांनाही. दुःखात बुडून जाणारी दया अंधाच्या उपयोगाची नसते. त्याला हवी असते साधी, सावध सोबत. त्याचा हात ओढू नये. आपले कोपर त्याला धरू द्यावे. खोलीत आल्यावर आपले नाव सांगावे, आणि जाताना ‘निघतो’ म्हणावे, म्हणजे तो रिकाम्या खुर्चीशी बोलत बसणार नाही. घरातील सामान न सांगता हलवू नये. आणि मुख्य म्हणजे जे विचारायचे ते त्यालाच विचारावे. ‘यांना चहा चालतो का?’ असे माझ्या शेजारच्याला विचारले जाते, तेव्हा दृष्टीबरोबर माझी वाचाही गेली की काय, अशी मला शंका येते. दृष्टिबाधितांचे शिक्षण-नोकरीतील हक्क २०१६ च्या कायद्याने मान्य केले आहेत. ब्रेल आहे, बोलणारे फोन आहेत. समाजाच्या वागण्यातील हक्क मात्र कायद्याने मिळत नसतो. तो घरापासून सुरू व्हावा लागतो.

वाचकहो, या दिवाळीत मोठा संकल्प नको. नोकरीनिमित्त दूर असलेली मुले या दिवसांत गावी येतात. त्यांनी परतण्यापूर्वी आईवडिलांचे डोळे एकदा तपासून घ्यावेत, आणि शस्त्रक्रिया ठरली तर थेंब घालण्यापुरती रजा आजच मागून ठेवावी. भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात पैसे घालणाऱ्या भावाने बहिणीला चाळिशीचा चष्मा नीट लागतो का, हेही विचारावे. महर्षी कर्व्यांच्या संस्थेने भाऊबीज निधीच्या रूपाने या सणाला समाजकार्याची वाट दाखवली. घरोघरच्या छोट्या ओवाळणीतून स्त्रीशिक्षणाचे मोठे काम उभे राहिले. तशीच एक छोटी ओवाळणी एखाद्या विश्वासू नेत्रालयास द्यावी, आणि शेजारच्या एका वृद्धेला तेथवर नेऊन आणण्याचे काम स्वतःकडे घ्यावे. पैशाने दिलेले दान पोचेल की नाही, याची कधी शंका राहते; हात धरून नेलेले माणूस मात्र नक्की पोचते.